लेक एकटी विमानात: ‘अनअकम्पनीड मायनर’ सर्व्हिसचा रिव्ह्यू, वेगळं झाल्यावर स्टेट बदलणाऱ्या आईबाबांसाठी

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. पाचातले चार स्टार. सर्व्हिस (म्हणजे एकट्या प्रवास करणाऱ्या मुलाला एअरलाइन पैसे घेऊन या टोकाच्या माणसाकडून त्या टोकाच्या माणसाकडे पोचवते ती) चांगली आहे, पैसे लागतात पण वाया जात नाहीत, आणि पोरं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच धीट असतात. एक स्टार कापलाय तो वादळाच्या दिवशी जो गोंधळ झाला त्यासाठी, ते खाली लिहितेच. पण ज्यांचं अजून ठरायचंय, म्हणजे सेपरेशन झालंय आणि मुलाला घेऊन दुसऱ्या स्टेटला जायचा विचार चाललाय, त्यांनी हे सगळं आत्ताच वाचा, सामान हलवल्यावर नको. या सर्व्हिसचे नियम बघून मगच शहर निवडावं असं माझं पक्कं मत झालंय.

थोडक्यात आमचं सांगते. आम्ही दोघं न्यू जर्सीत, वेगळे झालो, लेक माझ्याकडे आणि शनिवार-रविवार बाबाकडे, गाडीने वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ, तोपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग माझा लेऑफ झाला. एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीच्या नोकरीवर टिकलेल्या व्हिसावर असलेल्यांना वेगळं सांगायला नको, नोकरी गेली की जास्तीत जास्त 60 दिवस, तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर गाशा गुंडाळा. जी ऑफर हातात आली ती डॅलसची, टेक्सासमधली. आता डॅलसला जायचं तर लेकीला घेऊन जाणार हे मला माहीत, पण कायद्याला ते असं चालत नाही ना.

न्यू जर्सीत मुलाला कायमचं स्टेटबाहेर न्यायचं असेल तर दुसऱ्या पालकाची संमती लागते, ती नसेल तर कोर्टाकडे जाऊन कारण दाखवायला लागतं. पूर्वी, म्हणजे 2001 च्या बॉरेस केसनंतर, मूल ज्याच्याकडे मुख्यत्वे राहतं त्या पालकाला थोडं सोपं होतं, चांगल्या हेतूने जातोय आणि मुलाचं नुकसान होत नाही एवढं दाखवलं की बरंचसं काम व्हायचं. 2017 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बिस्बिंग केसमध्ये ते बदललं, त्या केसमधल्या आईला जुळ्या मुलींना घेऊन युटाला जायचं होतं. तेव्हापासून प्रश्न एकच, मुलाच्या हिताचं काय, आणि दोन्ही पालक तिथे एका पातळीवर. माझ्या वकीलबाईंनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं की कोर्टात भांडत बसलात तर तुमचे 60 दिवस कधीच संपून जातील, मीडिएशनला बसा, म्हणजे मध्यस्थासमोर बसून आपसात ठरवा. बसलो. लेकीच्या बाबाने बऱ्याच घासाघिशीनंतर होकार दिला, आणि त्याची मेन अट हीच होती की येणं-जाणं नक्की ठरलेलं पाहिजे, ‘बघू, जमेल तसं’ चालणार नाही. तर ही विमानाची सर्व्हिस आमच्या आयुष्यात अशी आली, कन्सेंट ऑर्डरमधला, म्हणजे दोघांच्या संमतीने झालेल्या कोर्टाच्या ऑर्डरमधला, एक परिच्छेद म्हणून.

आता सर्व्हिस म्हणजे नेमकं काय, कारण नातेवाईकांना वाटतं की एअर होस्टेस पोरीला मांडीवर घेऊन बसते. तसं काही नसतं. मूल एकटं सीटवर बसतं, शेजारी कोणीही अनोळखी माणूस, आणि क्रू बाकीच्या प्रवाशांसारखंच तिच्याकडे बघतो, फक्त मधून मधून विचारपूस जरा जास्त. तुम्ही पैसे देता ते या हातातून त्या हातात सुखरूप देण्याचे. काउंटरवर तुम्ही फॉर्म भरता, इकडे सोडणारा कोण, तिकडे घेणारा कोण, पत्ते, फोन नंबर. तुम्हाला गेट पास मिळतो, तुमचा फोटो आयडी दाखवून सिक्युरिटीतून आत जाता, गेटवर एजंट फॉर्मवर सही घेतो, मुलाला सगळ्यांच्या आधी विमानाच्या दारापर्यंत नेऊन क्रूच्या ताब्यात देतो. उतरल्यावर तसंच उलट. घ्यायला आलेल्या माणसाचा आयडी बघतात, सही घेतात, मगच मूल सोडतात. आम्हाला गळ्यात अडकवायला एक प्लॅस्टिकचं पाकीट दिलं होतं, त्यात बोर्डिंग पास आणि त्या फॉर्मची कॉपी, लेक ते बाथरूमला जातानासुद्धा काढत नाही म्हणे. मुलांना स्वतःचा आयडी देशांतर्गत प्रवासात लागत नाही, 18 च्या खालच्यांना टीएसए, म्हणजे एअरपोर्टची सिक्युरिटी, विचारत नाही, तरी मी तिच्या पासपोर्टची फोटोकॉपी बॅगेत टाकते, माझं समाधान.

सगळ्यात महत्त्वाचं, सरकारचा याबद्दल एकसारखा नियम नाहीये. डिपार्टमेंट ऑफ ट्रान्सपोर्टेशनने हे एअरलाइन्सवर सोडलंय, त्यामुळे प्रत्येकीचं वेगळं. अमेरिकन एअरलाइन्स आणि डेल्टाकडे 5 ते 14 वयाला ही सर्व्हिस घ्यायलाच लागते, एका बाजूचे 150 डॉलर, आणि दोन भावंडं एकाच विमानात असली तर दोघांचे मिळून तेवढेच. 5 ते 7 वयाला फक्त नॉनस्टॉप, 8 च्या पुढे काही ठरावीक ठिकाणी विमान बदलायला परवानगी. युनायटेडकडे 5 ते 14, पण वय काहीही असो, नॉनस्टॉपच. जेटब्लूकडे 5 ते 13, तिथेही नॉनस्टॉपच. साउथवेस्टकडे 5 ते 11, फी कमी, 100 डॉलर एका बाजूचे, पण ती दर मुलामागे, आणि 12 व्या वर्षापासून ते मुलाला जवळपास मोठंच धरतात. फ्रंटियर तर 15 च्या खालच्या मुलाला एकटं घेतच नाही. हे आकडे अधूनमधून बदलतात, बुक करायच्या आधी त्यांच्या साइटवर बघाच. आणि स्वस्त तिकीट दिसलं म्हणून थर्ड पार्टी साइटवरून घेऊ नका, सरळ एअरलाइनकडून घ्या, मुलाचं वय आणि फॉर्म सगळं तिथेच जोडलं जातं.

महाग वाटतं ना. मलापण वाटलं, तिकीट वेगळं आणि जायचे-यायचे मिळून वर 300. पण दुसरा पर्याय काय ते बघा. मी तिला सोडायला जाणार, परत येणार, आणायला जाणार, परत येणार, म्हणजे एका भेटीसाठी मोठ्या माणसाची दोन रिटर्न तिकिटं, शिवाय ऑफिसची सुट्टी, शिवाय एक्सच्या घरी दारात उभं राहून ते अवघडलेलं बोलणं. त्या अवघडलेल्या बोलण्याचेच मी 300 आनंदाने देईन खरं तर.

आता शहराचा मुद्दा. माझ्याकडे दुसरी पण एक ऑफर होती, पगार थोडा बरा, घरं स्वस्त, शाळा चांगल्या, पण लहान शहर, न्यू जर्सी-न्यू यॉर्कच्या कुठल्याच एअरपोर्टला तिथून थेट विमान नाही. मीडिएटरने हा प्रश्न काढला नसता तर माझ्या डोक्यातपण आला नसता कदाचित, आपण शाळांचं रेटिंग बघतो, भाडं बघतो, देशी ग्रोसरी कुठे आहे ते बघतो. तिने विचारलं, मुलगी पोचणार कशी? तेव्हा लेक सात वर्षांची, म्हणजे बहुतेक ठिकाणी नॉनस्टॉपशिवाय एकटी जाऊच शकत नाही. डॅलस आणि न्यू जर्सीच्या न्यूअर्क एअरपोर्टमध्ये दिवसभर थेट विमानं, वेगवेगळ्या एअरलाइन्सची, शिवाय न्यू यॉर्कचं लाग्वार्डिया आणि फिलाडेल्फिया हाताशी, वेळ साधारण चार तास. आमच्या केसमध्ये या एका गोष्टीने बाबाचा नकार होकारात बदलला असं मी म्हणेन, कारण त्याला कागदावर दिसलं की शुक्रवारी दुपारी निघालेली पोर संध्याकाळी त्याच्याकडे जेवायला असेल. तेव्हा ऑफर घ्यायच्या आधी त्या शहराच्या एअरपोर्टचा फ्लाइट मॅप उघडा. आणि एकाच एअरलाइनचं दिवसातून एकच विमान असेल तर त्याला मी डायरेक्ट फ्लाइट धरत नाही, ते बंद केलं की तुम्ही लटकलात.

सामानाबद्दल जास्त लिहीत नाही, दोन्ही घरी कपडे, ब्रश, चपला ठेवा म्हणजे पोरीच्या पाठीवर एकच सॅक. सॅकमध्ये रिकामी बाटली जी आत गेल्यावर भरायची, चार्ज केलेला टॅब, डाउनलोड केलेल्या गोष्टी, स्वेटर, पोळीचा रोल, आणि दोन्ही फोन नंबर कागदावर लिहिलेले. कागदावर म्हणजे कागदावरच, फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

गेटवरचा तो अर्धा तास सगळ्यात अवघड. बाकीची माणसं पिल्लं-पोरं आवरत असतात आणि आपण एका आठ वर्षांच्या मुलीला सांगतोय की बाळा सीटबेल्टची खूण गेली तरी बेल्ट काढू नको, शेजारच्याशी बोललीस तर चालेल पण बाबाचा पत्ता सांगायचा नाही, ओकारी आली तर समोरच्या खिशात पिशवी असते. ती ‘हो गं आई, माहितीये’ करत नजर विमानाकडे. एजंटबाई आल्या, म्हणाल्या ‘रेडी, मॅम?’, लेकीला म्हणाल्या, मला नाही, आणि ती त्यांच्या बरोबर चालायला लागली, मागे वळून हात केला तो पण कसाबसा. मग मला तिथेच थांबायचं असतं, विमान उडेपर्यंत, दार बंद झालं की निघायचं असं नाही, कारण कधी कधी धावपट्टीवरून विमान परत गेटवर आणतात आणि तेव्हा घ्यायला माणूस लागतो. ही थांबायची सक्ती तुम्हाला त्रास वाटेल, मला ती या सर्व्हिसमधली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

आता कापलेला स्टार. वसंत ऋतूत डॅलसला विजांची वादळं येतात, ज्यांनी तिथे राहून पाहिलंय त्यांना माहितीये, दुपारपर्यंत लख्ख ऊन आणि चारच्या पुढे आभाळ फाटतं. अशाच एका संध्याकाळी लेक न्यू जर्सीहून परत येत होती, विमान डॅलसच्या आसपास घिरट्या घालून शेवटी दुसऱ्याच एका शहरात उतरवलं, इंधन भरायला. एअरलाइनचं नाव लिहीत नाही, कारण हे कोणाकडेही होऊ शकतं आणि वादळावर कोणाचा इलाज नाही. राग त्याचा नाहीच. राग याचा की मला एकही फोन आला नाही. फॉर्मवर माझा नंबर, बाबाचा नंबर, दोन्ही होते, ठळक अक्षरात. मी गेटवर उभी, गेटवरच्या माणसाला काही माहीत नाही, कस्टमर केअरवाली मला बुकिंग नंबर परत परत विचारतेय आणि म्हणतेय की प्रवाशाची माहिती फक्त प्रवाशालाच देता येते. अहो प्रवासी आठ वर्षांची आहे! शेवटी मला कळलं ते एका फ्लाइट ट्रॅकिंग अ‍ॅपवर, नकाशावर ते छोटं विमान भलत्याच गावावर थांबलेलं दिसलं. तिकडून बाबाचे फोनवर फोन, दोघंही एकमेकांवर न ओरडता बोललो हे त्या दिवसाचं एक आश्चर्य. दोन-अडीच तासांनी विमान आलं, लेक उतरली ती हातात बिस्किटांचे चार पुडे घेऊन, क्रूने दिलेले, आणि तिला कॉकपिट बघायला मिळालं होतं म्हणून ती प्रचंड खूश. म्हणजे विमानातली माणसं एक नंबर, जमिनीवरची यंत्रणा ढिसाळ. तक्रार केली तर एक छापील माफीचं ईमेल आलं आणि पुढच्या वेळेसाठी व्हाउचर. फी परत मागितली, ती नाही दिली.

त्यानंतर मी सकाळचंच विमान घेते. वादळं बहुतेक दुपारनंतरची, आणि सकाळचं रद्द झालं तरी त्याच दिवशी दुसरं मिळायची आशा असते, रात्रीचं शेवटचं रद्द झालं तर पोर कुठे झोपणार हा प्रश्न. शुक्रवारची अर्धी शाळा बुडते कधी कधी, बुडू दे.

आता ऑर्डरमध्ये काय लिहून घ्यायचं, कारण एअरलाइनला तुमची कोर्टाची ऑर्डर वाचण्यात शून्य इंटरेस्ट आहे, त्यांना फॉर्मवरचं नाव आणि आयडीवरचं नाव जुळलं की पुरे. त्यामुळे बाकी सगळं तुमच्या कागदात पाहिजे. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये वकिलांनी लिहिलं होतं की मुलगी रविवारी संध्याकाळी 6 वाजेपर्यंत आईकडे पोचेल. कोणाचे सहा? डॅलस न्यू जर्सीच्या एक तास मागे. हे सही करायच्या आधी बाबाच्याच लक्षात आलं, मग ‘पोचायच्या ठिकाणची वेळ’ असं घातलं. तिकीट कोण काढणार, किती दिवस आधी, फी कोण भरणार, विमान रद्द झालं तर तो वेळ भरून द्यायचा का, नॉनस्टॉपच पाहिजे का, एअरपोर्ट कुठला, हे सगळं एकेक ओळ करून लिहा. आमचं असं ठरलं की जाताना माझं, येताना त्याचं, फी तिकिटाबरोबरच. ज्यांना दिवस कसे वाटायचे ते सुचत नाहीये त्यांनी टेक्सासच्या फॅमिली कोडमधला नमुना बघा, पालक 100 मैलांपेक्षा लांब असतील तर त्यात महिन्यातून एक वीकेंड, दरवर्षीचा स्प्रिंग ब्रेक आणि उन्हाळ्यात 42 दिवस असा पर्याय दिलाय. आमची ऑर्डर न्यू जर्सीची, तरी मीडिएशनमध्ये आम्ही बोलायला सुरुवात तिथूनच केली.

आणि हो, लेक टेक्सासला आली म्हणजे केस पण टेक्सासला आली असं होत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. यूसीसीजेईए नावाचा 1997 चा एक नमुना कायदा आहे, जवळपास सगळ्या स्टेट्सनी घेतलेला, त्याप्रमाणे ज्या कोर्टाने कस्टडीची ऑर्डर दिली त्याच्याकडेच ती केस चालवायचा अधिकार राहतो, जोवर एक पालक तिथे राहतोय. म्हणजे काही बदलायचं असेल तर मला न्यू जर्सीलाच जायचंय. आणि ऑर्डर झालेलीच नसेल तर मूल मागचे सहा महिने कुठे राहत होतं ते बघतात. ‘आधी निघून जाऊ, मग बघू’ असं सुचवणाऱ्या मैत्रिणी मलापण भेटल्या. मागे राहिलेला पालक त्या सहा महिन्यांत जुन्या स्टेटमध्ये केस टाकू शकतो, आणि मग जज समोर पहिला प्रश्न हाच असतो की न विचारता का नेलं. मी वकील नाही, स्वतःच्या वकिलाला विचारा, पण विचारा आणि मगच बॉक्स पॅक करा.

नावांचा घोळ आपल्या लोकांचा खास. बाबाच्या लायसन्सवर मधलं नाव आहे, मी फॉर्मवर नुसतं नाव-आडनाव लिहायला गेले तर बाबानेच मेसेज केला, लायसन्सचा फोटो पाठवला, बघून लिही म्हणाला. उन्हाळ्यात त्याची आई भारतातून आली होती, तिचं नाव दुसरं घेणारी व्यक्ती म्हणून टाकलं, तिच्याकडे आयडी म्हणजे फक्त पासपोर्ट आणि त्यावर नाव एवढं लांब की फॉर्मच्या रकान्यात मावेना. एजंटने तीन वेळा स्पेलिंग विचारलं. पण सासूबाई, म्हणजे आता एक्स-सासूबाई, मी अजून आईच म्हणते, त्या दिवशी एअरपोर्टला पासपोर्ट छातीशी धरून तासभर आधी हजर होत्या. दुसरं नाव फॉर्मवर जरूर टाका, ट्रॅफिक काही सांगून येत नाही.

कोणासाठी ही सर्व्हिस नाही ते पण सांगते. पाच वर्षांच्या खाली ती कुठेच मिळत नाही, तोवर मोठ्या माणसाने बरोबर जायलाच लागतं, आणि तो खर्च कोणाचा हे ऑर्डरमध्ये नसेल तर दर भेटीला भांडण. मूल घाबरट असेल, विमानात उलट्या होत असतील, किंवा स्वतःला काय हवंय ते अनोळखी माणसाला सांगू शकत नसेल, तर वयात बसलं तरी थांबा, आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं, बाबा स्वतः आला न्यायला. आणि ज्यांचं मूल आत्ता तीन-चार वर्षांचं आहे आणि ऑर्डर आत्ता लिहिली जातेय, त्यांनी वकिलाला सांगून ‘अमुक वयानंतर मूल एकटं प्रवास करेल, एअरलाइनच्या नियमाप्रमाणे, नॉनस्टॉप’ अशी ओळ आत्ताच घालून घ्या. नंतर घालायची तर परत दोन वकील, परत मीडिएशन, आणि त्या फीमध्ये पोरीची कितीतरी तिकिटं येतात.